आजचं काम एवढंच

मुरगूड

चि. बाळास,


काल तुझा फोन झाला आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं. अभ्यासिकेत जागा धरलीस, पुस्तकं घेतलीस, भिंतीवर वेळापत्रक लावलंस. तरी दिवसचे दिवस पान उलटत नाही म्हणालास. घरात याला आळस म्हणतील. मला तसं वाटत नाही. यूपीएससीचा सगळा अभ्यासक्रम तू रोज सकाळी एकदम समोर मांडतोस, धडकी भरते, मग नवं वेळापत्रक आखायला घेतोस. आखताना काम केल्याचं समाधान मिळतं, आणि तिथंच दिवस संपतो.

एप्रिल २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या यमग्याच्या बिरदेव ढोणेनं यूपीएससीत ५५१ वा क्रमांक मिळवला. मेंढपाळाच्या घरातला पोरगा. सगळ्या भागाला आनंद झाला, मलाही झाला. पण त्याच्या यशाकडे बघून तू आणखी दडपतोस, हे मला कळतं. निकाल एका दिवसात लागतो, अभ्यास तसा होत नाही.

मुख्य परीक्षेचे नऊ पेपर, त्यातले गुणवत्तेला धरले जाणारे सात, गुण १७५०. या आकड्यानं कुणीही हबकेल. आता सामान्य अध्ययनाचा एकच पेपर घे. तीन तास, वीस प्रश्न. दहा गुणांच्या प्रश्नाला उत्तर १५० शब्दांचं. एका बैठकीत होणारं काम ते एवढंच.

म्हणून वहीत 'राज्यघटना' असं लिहू नकोस. ते कधी संपणार? 'अनुच्छेद २१ वाचणे, त्यावर १५० शब्द लिहिणे' असं लिही. खुरपायला बसलेल्या बायका अख्ख्या रानाकडे बघत बसत नाहीत, आपली पात धरतात. आणि एखादा दिवस बुडालाच, तर त्याचा अभ्यास दुसऱ्या दिवसावर लादू नकोस. त्या ओझ्यापायी पुढचे दिवसही जातात. बुडाला तो बुडाला, आजची पात आजची.

आज जेवणाआधी अनुच्छेद २१ चं हे एक उत्तर लिही आणि कागदाचा फोटो मला पाठव. मांडणी मोडकी असली तरी चालेल, पण पुन्हा लिहून काढायला बसू नकोस. मी रात्रीच वाचून फोन करतो. वहिनींना यातलं काही बोललेलो नाही.

तुझा,
काका