उन्हाळ्यांतील म्हशीचा मुका माज आणि शतावरीची मुळी

चैत्र-वैशाख लागला कीं, "म्हैस माजावर येत नाहीं, एखादी मुळी सांगा," अशी विचारणा आमच्याकडे होऊं लागते. शतावरीचीं मुळें, मेथी व गूळ, मोड आलेली मटकी हे उपाय घरोघर चाललेलेच असतात. ते टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दोष म्हशीच्या पोटांत नसून गोठ्याच्या छपरांत असेल, तर तो मुळीनें कसा जावा?

म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथि गाईच्या मानानें थोड्या. त्यामुळें ऊन ती लवकर शोषते, पण अंगांतील उष्णता बाहेर टाकणें तिला जड जातें. डबक्यांत डुंबणें ही तिची चैन नव्हे, गरज होय. दुपारभर धापा टाकणाऱ्या जनावराचें सर्व बळ जीव राखण्यांत खर्ची पडतें. मूत्रपिंडाजवळील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा स्राव वाढतो, वैरण कमी खाल्ली जाते, आणि मेंदूकडून बीजकोशास वेळेवर जावयाचा इशारा मंदावतो. मग बीज पक्व होत नाहीं. झालें तरी माजाचीं चिन्हें उमटत नाहींत. या दुसऱ्या प्रकारास मुका माज म्हणतात. त्यांतच उन्हाळाभर नुसता कडबा खाऊन जनावर हिरव्या वैरणीच्या सत्त्वास मुकलेलें असतें.

आमची स्वतःची एक म्हैस पत्र्याखालीं बांधलेली असे. दोन महिने तिला शतावरी चारली. गुण आला नाहीं. पुढें पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर घातला, दुपारीं दोन वेळां अंगावर पाणी मारूं लागलों, वैरण सायंकाळीं व पहाटे घालूं लागलों, थोडा हिरवा घासही मिळविला. पांचव्या आठवड्यांत ती माजावर आली. तोंवर एक वळीव पडून गेला होता, तेव्हां सारें श्रेय पाचटास देतां येत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट. म्हशीचा माज गाईप्रमाणें गाजावाजा करून येत नाहीं, आणि उन्हाळ्यांत तो बहुधा रात्रीं येतो. मालक झोपलेला, म्हैस मुकी. एक माज चुकला कीं सुमारें 21 दिवस वायां जातात. निजण्यापूर्वी व पहाटे कंदील घेऊन पाहावें. बळस लोंबणें, थोडी थोडी लघवी वरचेवर करणें, रेकणें, दूध चोरणें, यांपैकीं एखादेंच चिन्ह दिसेल. सकाळीं माज ध्यानांत आला तर त्याच सायंकाळीं भरवावी.

मात्र औषधाला हात घालण्यापूर्वी म्हैस गाभण नाहीं ना, हें पशुवैद्याकडून तपासून घ्यावें. माज न येण्याचें तें अगदीं साधें कारण, आणि तेंच पुष्कळदां विसरलें जातें. माज आणण्यासाठीं देतात त्यांपैकीं कांहीं इंजेक्शनें गाभण जनावरास दिलीं तर गर्भ पडतो. सुमारें 310 दिवसांच्या गाभणकाळाची मेहनत एका सुईनें जाते. गर्भाशयांत पू असल्यासही माज बंद राहतो, आणि तेथें पाचट व शतावरी दोन्ही निरुपयोगी. शतावरीचा आपल्याकडील जुना उपयोग मुख्यतः दुधासाठीं आहे. ती व्यालेल्या म्हशीस खुशाल द्यावी. भाकड समजून म्हैस बाजारांत नेणाऱ्यानें निदान एक पावसाळा वाट पाहावी, कारण पुष्कळ म्हशी थंडीच्या तोंडावर आपोआप माजावर येतात.