आरोपी आणि गुन्हेगार

(एखाद्यावर आरोप होणे आणि त्याने गुन्हा केला आहे असे ठरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंच्या मध्ये कायद्याने एक वाट आखून दिली आहे. तिची ओळख या पाठात करून दिली आहे.)

फिर्याद, वकील, जामीन, कैद, तारीख हे शब्द तुम्ही उर्दूत नेहमी ऐकता. मराठीतही ते तसेच वापरतात. 'आरोपी' म्हणजे उर्दूतील 'मुल्जिम' आणि 'गुन्हेगार' म्हणजे 'मुजरिम'. बोलताना आपण या दोन शब्दांची सरमिसळ करतो. सोयगावच्या बाजारात कोणाचे पाकीट गेले, की "चोर, चोर" अशी ओरड होते. पण पकडलेला माणूस त्या वेळी फक्त आरोपी असतो.

१८८१ साली पुण्यात 'केसरी' व 'मराठा' ही वृत्तपत्रे निघाली. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे, तर बाळ गंगाधर टिळक 'मराठा'चे संपादक होते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचे हाल होत आहेत, अशा बातम्या तेव्हा येत होत्या. संस्थानाचे कारभारी माधवराव बर्वे हेच त्याला जबाबदार आहेत, असे लोक म्हणू लागले. त्यातच काही पत्रे पुढे आली. ती बर्वे यांची आहेत आणि त्यांतून महाराजांविरुद्धचा कट दिसतो, असे सांगण्यात आले. दोन्ही वृत्तपत्रांनी बर्वे यांच्यावर कडक टीका केली.

बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. आता नुसते म्हणणे पुरेसे नव्हते, पुरावा हवा होता. ती पत्रे तर बनावट निघाली! संपादकांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद दिली. डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस राहिले.

येथे एक गोष्ट नीट पाहा. महाराजांविषयी लोकांना वाटणारी काळजी खोटी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे दुःख खरे होते. पण ज्याच्यावर खापर फोडले, त्याच्याविरुद्धची पत्रे खोटी होती. संपादकही लबाड नव्हते. ते शिकलेले आणि निःस्वार्थी होते. मला तर या खटल्यातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बर्वे यांना निदान न्यायालयात जाता आले. सर्वांनाच तेवढी सवड मिळत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवडी बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. ही पद्धत न्याय्य व रास्तच असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सांगितले. अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते.

राईनपाड्याच्या हत्येबद्दल ज्यांना अटक झाली, त्यांनाही हे सर्व हक्क आहेत. जे त्यांनी दुसऱ्याला दिले नाही असा आरोप आहे, ते त्यांना का द्यावे, असे पुष्कळांना वाटते. पण जमावात हात कोणी उचलला आणि नुसते उभे कोण होते, हे चौकशीशिवाय कसे कळणार?

शब्दार्थ
बनावट – खोटे तयार केलेले, जाली
खापर फोडणे – दोष देणे
झटापट – हातघाई
रास्त – योग्य
सवड – मोकळा वेळ, संधी

स्वाध्याय
१. बर्वे यांनी फिर्याद का केली?
२. 'दुःख खरे होते', असे लेखकाने कशावरून म्हटले आहे?
३. अटक झालेल्या माणसाला कोणते हक्क असतात?
४. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' हे शब्द वाक्यांत वापरा.