बाटली दुसऱ्याची, नाव तुमचं: प्रायव्हेट लेबल कॉस्मेटिक्समध्ये जबाबदारी कोणाची?



प्रायव्हेट लेबलचा धंदा ऐकायला सोपा वाटतो. फेसवॉश, क्रीम, हेअर ऑइल बनवणाऱ्या कंपनीकडून माल घ्यायचा, आपलं नाव लावायचं आणि पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत किंवा ऑनलाइन विकायचा. पण ग्राहकाच्या चेहऱ्यावर रिअ‍ॅक्शन आली तर जबाबदार कोण? बरेच जण म्हणतात, "माल मी कुठे बनवलाय?" आज या उत्तराचाच हिशोब करू.

कायदा तुम्हाला कोण समजतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या आहे. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो स्वतःची खूण किंवा नाव लावतो, तोही त्यात येतो. म्हणजे ग्राहकाने भरपाई मागितली, तर ब्रँड मालक या नात्याने तुम्ही 'उत्पादक' ठरता.

चाकण-भोसरीतल्या व्हेंडरला हे लगेच कळेल. ब्रॅकेट कुठल्या शेडमध्ये बनला, हे गाडी घेणाऱ्याला माहीत नसतं. तो बॉनेटवरचं नाव बघतो आणि तक्रारही त्याच नावाकडे नेतो. म्हणून तर गाडीवाली कंपनी व्हेंडरकडे इन्स्पेक्शन रिपोर्ट मागते. प्रायव्हेट लेबलमध्ये तुम्ही त्या गाडीवाल्या कंपनीच्या जागी आहात.

आणखी एक गोष्ट. ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, आणि त्यासाठी त्याला २ वर्षांची मुदत असते. तुम्ही पिंपरीत, ग्राहक नागपुरात, तर तारखेला नागपूरला जायची तयारी ठेवा.

धोका खरा आहे का?

अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना त्वचेचं क्रीम वापरल्यावर किडनीचा आजार झाला. क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी आली होती. पारा डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही येत नाही. म्हणून "मी स्वतः वापरून बघितलंय" हा पुरावा होत नाही. प्रत्येक बॅचचा टेस्ट रिपोर्ट हा पुरावा होतो.

घरी बाटल्या भरताय? थांबा

कॉस्मेटिक्स नुसतं विकायला वेगळं लायसन्स लागत नाही. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० नुसार विक्रीसाठी पॅकिंग करणं आणि लेबल लावणं हेसुद्धा 'उत्पादन' आहे. कॅनमधून शाम्पू आणून घरी बाटल्यांत भरला, तर तुम्हाला उत्पादनाचं लायसन्स लागतं. ते महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए देतं. नवीन माणसाला सरळ रस्ता एकच: भरणं आणि लेबल लावणं दोन्ही लायसन्स असलेल्या कारखान्यातच करून घ्या.

लेबलवर काय काय हवं?

कॉस्मेटिक्स नियम २०२० आणि पॅकबंद वस्तूंचे वजनमाप नियम २०११ एकत्र वाचले, तर मुख्य यादी अशी होते:

१. उत्पादनाचं नाव.
२. बनवणाऱ्याचं नाव आणि माल जिथे बनला त्या जागेचा पत्ता. तुमचं नाव 'मार्केटेड बाय' म्हणून वेगळं.
३. उत्पादन लायसन्स नंबर आणि बॅच नंबर.
४. उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख.
५. निव्वळ वजन किंवा माप.
६. सर्व करांसहित एमआरपी आणि प्रति ग्रॅम किंवा मिली दर.
७. घटकांची यादी, जास्त प्रमाणापासून कमीकडे. लहान पॅकला सूट आहे, पण यादी छापाच. अ‍ॅलर्जी असलेला ग्राहक तीच वाचतो.
८. गरज असेल तिथे वापरण्याची पद्धत आणि धोक्याची सूचना.
९. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल.

आठवा मुद्दा घाईत राहून जातो. चुकीच्या वापराची पुरेशी सूचना दिली नाही, एवढ्यावरूनही भरपाईची जबाबदारी येऊ शकते.

आणि जाहिरातीतले शब्द जपून वापरा. "१०० टक्के सुरक्षित, साइड इफेक्ट शून्य" असं लिहिलं की ती तुमची लेखी हमी झाली. हमी चुकीची निघाली, तर "आमचा निष्काळजीपणा नव्हता" म्हणून सुटका नाही. "मुरूम बरे करतं" हा दावा तर औषधाचा आहे, कॉस्मेटिकचा नाही.

आता विमा

दुकानाची आगीची पॉलिसी तुमच्या मालाचं नुकसान भरते. ग्राहकाला झालेल्या इजेसाठी प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. समजा मर्यादा १० लाख आहे आणि डिडक्टिबल २५ हजार. भरपाई ३ लाख ठरली, तर पहिले २५ हजार तुमचे, उरलेले २ लाख ७५ हजार विमा कंपनीचे.

एजंटला हे पाच प्रश्न विचारा:

- एका घटनेची मर्यादा किती आणि वर्षाची किती?
- वकिलाचा खर्च त्याच मर्यादेत धरला आहे का?
- पॉलिसी चालू असतानाच दावा यावा लागतो का? तसं असेल तर नूतनीकरणात खंड पडू देऊ नका, जुन्या विक्रीचं संरक्षण जाऊ शकतं.
- परदेशात पाठवलेला माल धरला आहे का?
- बाजारातून माल परत मागवायचा खर्च मिळेल का? बहुतेक वेळा तो वेगळा घ्यावा लागतो.

कारखान्याची स्वतःची पॉलिसी असेल, तर त्यात विक्रेता म्हणून तुमचं नाव जोडता येतं का, हेही बघा.

पण एक लक्षात ठेवा. जाणूनबुजून केलेला कायदाभंग आणि सरकारी दंड सहसा पॉलिसीत बसत नाहीत. लायसन्स नंबर खोटा असेल किंवा माल घरी भरलेला असेल, तर दरवर्षी प्रीमियम भरूनही ऐनवेळी हात रिकामे राहू शकतात. म्हणून क्रम हाच: आधी कारखान्याचं लायसन्स, मग लेबल, मग पॉलिसी.

या आठवड्याचा गृहपाठ

कारखान्याकडून लायसन्सची प्रत आणि शेवटच्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरा कारखाना शोधा. तुमचं लेबल वरच्या यादीशी एकेक मुद्दा धरून ताडून बघा. आणि आजपासून प्रत्येक बॅचची एक सीलबंद बाटली, बिलासकट, बाजूला ठेवायला सुरुवात करा. उद्या तक्रार आली, तर तपासणीला द्यायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

नाव तुमचं आहे, ते जपा. भेटू पुढच्या धड्यात.