पन्हाळ्यावर सॅलमँडर का नाही?

उभयचर प्राण्यांचे तीन गट आहेत. पहिला विपुच्छ, म्हणजे मोठेपणी शेपटी नसलेल्या प्राण्यांचा. बेडूक आणि भेक त्यात येतात. दुसरा सपुच्छ, म्हणजे जन्मभर शेपटी बाळगणाऱ्यांचा. सॅलमँडर आणि न्यूट हे त्यातले. तिसरा अपाद, म्हणजे पायच नसलेल्यांचा. आपल्याकडचे देवगांडूळ या गटातले.

मृगाच्या सरी पडून गेल्या, की पन्हाळगडावर किंवा शेजारच्या मसाई पठारावर जा. जांभ्या खडकाच्या खळग्यांत पाणी साचलेले असते आणि बेडकांची डरांव डरांव चाललेली असते. पण सॅलमँडर तेथे कितीही शोधला तरी सापडणार नाही. पाऊस भरपूर, हवा थंड, पाणी आणि किडेही मुबलक. मग हा प्राणी तेथे का नाही?

प्रथम त्याची ओळख करून घेऊ. चित्रात सॅलमँडर पालीसारखा दिसतो. त्यामुळे गडाच्या तटावर सळसळत जाणारी सापसुरळी, जिला आपण सापाची मावशी म्हणतो, तीच सॅलमँडर असे कोणाला वाटेल. पण सापसुरळी हा सरपटणारा प्राणी आहे. तिचे अंग कोरडे असून त्यावर खवले असतात, बोटांना नख्या असतात आणि डोक्याच्या बाजूस कानाचे छिद्र दिसते. सॅलमँडरला खवले नाहीत आणि कानाचे छिद्रही नाही. त्याची त्वचा ओलसर असते. रूप पालीचे असले, तरी नाते बेडकाशी!

ही ओली त्वचा फार महत्त्वाची आहे. तिच्यातून ऑक्सिजन थेट रक्तात शिरतो. अमेरिकेतील कित्येक सॅलमँडरांना तर फुप्फुसेच नसतात. त्यांचे सारे श्वसन त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून चालते. त्वचा वाळली की श्वास कोंडतो. म्हणून हे प्राणी दिवसा दगडांखाली किंवा पालापाचोळ्यात दडून राहतात आणि रात्री बाहेर पडतात. सॅलमँडरांपैकी जे विणीच्या काळात पाण्यात राहावयास जातात, त्यांतल्या काहींना न्यूट म्हणतात.

आपल्या देशात सॅलमँडर पाहावयाचा तर पूर्व हिमालयात जावे लागेल. दार्जिलिंगच्या डोंगरांत तपकिरी रंगाचा, पाठीच्या दोन्ही बाजूंस गाठींची रांग असलेला हिमालयी सॅलमँडर राहतो. हिवाळ्यात तो जमिनीत निपचित पडून असतो. पावसाळा आला की तळ्यात उतरतो आणि मादी पाणवनस्पतींना अंडी चिकटवते. या प्राण्यासाठी जोरपोखरी येथे एक लहानसे अभयारण्य आहे. पूर्वी त्याची गणना चीनमधील जातीतच होत असे. २०१५ साली शास्त्रज्ञांनी तो वेगळी जात असल्याचे दाखवून दिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर हवापाण्यात नाही, पृथ्वीच्या इतिहासात आहे. पन्हाळ्याचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हा हिमालय नव्हता. भारत हा समुद्राने वेढलेला भूखंड होता आणि तो उत्तरेकडे सरकत होता. त्याआधी तो आफ्रिका, दक्षिण अमेरिका इत्यादींबरोबर दक्षिणेच्या एका महाखंडात जोडलेला होता. सॅलमँडरांचा वंश मात्र उत्तरेकडील भूखंडांवर वाढला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला येऊन भिडला आणि पुढे हिमालय उभा राहिला. त्यानंतर पूर्वेकडून सॅलमँडर हिमालयाच्या ओलसर उतारांपर्यंत पोहोचले. पण त्याखाली गंगेचे तप्त मैदान! ओल्या त्वचेच्या या प्राण्याला ते ओलांडून दक्षिणेत येणे साधले नाही.

देवगांडुळांची कथा याच्या उलट आहे. त्यांचे पूर्वज दक्षिणेच्या महाखंडातच होते. म्हणूनच आज देवगांडुळे आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, सेशेल्स बेटांवर आणि आपल्या सह्याद्रीतही आढळतात. म्हणजे सॅलमँडर नाही म्हणून आपण हिरमुसायचे कारण नाही. हिमालयाहूनही जुन्या वंशाचा प्राणी आपल्या पायांखालच्या मातीत आहे! आंबोलीच्या एका देवगांडुळाचे शास्त्रीय वर्णन २००३ साली झाले आणि प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ जे. सी. डॅनियल यांचे नाव त्याला देण्यात आले. कोयनेजवळच्या हुंबरळी गावची आणखी एक जात २००४ साली उजेडात आली.

दुर्दैवाने नांगरताना किंवा खणताना देवगांडूळ वर आले, की साप समजून त्याला ठेचले जाते. म्हणून ही खूण ध्यानात ठेवा. देवगांडुळाच्या अंगावर गांडुळासारखी वलये असतात, पण त्याला जबडा, दात आणि पाठीचा कणा असतो. वाळा नावाचा लहान साप त्याच्यासारखा दिसतो, पण वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात. देवगांडुळाची त्वचा ओली व बुळबुळीत असते. डोळे अगदी बारीक असून डोळा व नाकपुडी यांच्या आसपास एक इवलासा स्पर्शक असतो. ते वाळवी व गांडुळे खाते आणि माणसाला त्याच्यापासून धोका नाही. काही जातींची मादी जमिनीत अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. असे देवगांडूळ दिसल्यास फावड्यावर ओल्या मातीसकट उचलून सावलीत सोडून द्या.

सॅलमँडर घरी पाळण्याचा मोहही नको. हिमालयी सॅलमँडरला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय पाळण्यासाठी प्राण्यांची देशोदेशी ने-आण झाली, की रोगही प्रवास करतात. नेदरलँड्समधील अग्निसॅलमँडर एका बुरशीमुळे जवळजवळ नाहीसे झाले. ही बुरशी २०१३ साली ओळखली गेली. ती आशियातील असून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात गेली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.

पाहा आणि नोंद करा : या पावसाळ्यात गावाजवळचे एक डबके निवडा. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला भैकेर म्हणतात. त्याला बाहेर न काढता, पाणी न ढवळता, दर दोन दिवसांनी पाहा. त्याचे मागचे पाय आधी दिसतात की पुढचे? सॅलमँडरच्या पिल्लाला पुढचे पाय आधी फुटतात आणि त्याचे पिसांसारखे कल्ले डोक्याबाहेर दिसतात. तुमच्या भैकेराला तसे कल्ले आहेत का? शेपटी कोणत्या तारखेला नाहीशी झाली? सारे वहीत लिहा आणि शेजारी चित्र काढा. डबके आटण्याआधी किती भैकेरांचे बेडूक झाले, हेही मोजून पाहा.