विजेच्या सॉकेटला धातूचे झाकण : आधी अर्थिंग, मग झाकण

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील गावांचे रूप गेल्या काही दशकांत पालटले आहे. चिखली, तळवडे, मोशी, कुरुळी, महाळुंगे या भागांत अनेक शेतकरी कुटुंबांनी घरालगत खोल्या बांधून कारखान्यातील कामगारांना भाड्याने दिल्या आहेत. अशा घरांत सॉकेटची प्लॅस्टिकची झाकणे फार टिकत नाहीत. पोत्याचा धक्का लागतो, खाट आपटते आणि झाकण तडकते. भोसरी, चाकण परिसरात पत्रा कापून, वाकवून, रंगवून देणारे लहान कारखाने भरपूर आहेत. त्यामुळे 'एकदाच पत्र्याचे झाकण लावू, कटकट मिटेल' असा विचार मनात येणे साहजिक आहे. हा विचार चुकीचा नाही. परंतु पुढील गोष्टी समजून घेतल्याशिवाय तो अमलात आणू नये.

प्लॅस्टिक आणि धातू यांतील फरक

प्लॅस्टिक वीज वाहून नेत नाही. आतील फेजची तार सैल होऊन झाकणाला टेकली, तरी बाहेरून हात लावणाऱ्यास सहसा काही होत नाही. झाकण धातूचे असेल तर तीच तार टेकताच संपूर्ण झाकणावर २३० व्होल्ट येतात. माणसाच्या शरीराचा रोध साधारण १,००० ते २,००० ओहम धरला, तर शरीरातून ११५ ते २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. सुमारे १० मिलिअँपिअरलाच हाताची पकड सुटेनाशी होते. यावरून धोक्याची कल्पना यावी. म्हणून धातूचे झाकण अर्थिंगला जोडलेलेच असले पाहिजे.

नुसती हिरवी तार म्हणजे अर्थिंग नव्हे

अनेक जुन्या घरांत सॉकेटला तीन भोके असतात, पण मागे दोनच तारा आलेल्या असतात. काही ठिकाणी हिरवी तार असते. मात्र तिचे दुसरे टोक कोठे गेले हे कोणालाच ठाऊक नसते. मुरमाड जमिनीत ठोकलेली सळई उन्हाळ्यात कोरडी पडते. समजा अशा अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. झाकणाला फेज टेकल्यास जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५० म्हणजे फक्त ४.६ अँपिअर होईल. एवढ्यावर ६ अँपिअरचा एमसीबीसुद्धा पडणार नाही, मग १६ अँपिअरचा दूरच राहिला. झाकण तसेच वीजभारित राहील आणि पहिला हात लावणारा सापडेल.

टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थ यांमध्ये लावून 'दिवा पेटला, अर्थिंग चांगले आहे' असे सांगण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे. ६० वॅटच्या दिव्याला जेमतेम पाव अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे ५० ओहमच्या निकृष्ट अर्थिंगवरही तो जवळजवळ पूर्ण प्रकाशाने पेटतो. दिव्यावरून तार तुटलेली नाही एवढेच कळते. रोध अर्थ टेस्टरने वायरमनकडून मोजून घ्यावा, आणि तोही उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना.

म्हणून मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेणे आवश्यक आहे. ५० ओहमच्या उदाहरणातील ४.६ अँपिअरच्या गळतीवर तो क्षणात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

न्यूट्रलला झाकण जोडणे : मोठी चूक

अर्थिंग नाही म्हणून काही जण सॉकेटमधील अर्थचे टोक न्यूट्रलला जोडून टाकतात. हे कधीही करू नये. मागे कोठेही न्यूट्रल तुटली आणि घरात एखादा पंखा चालू असला, तर त्याच्यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि तेथून थेट झाकणावर. नळाच्या पाइपला अर्थ जोडणेही बंद करावे. आता मधले पाइप बहुधा प्लॅस्टिकचे असतात.

धातूचे झाकण कोठे लावू नये

१) गोठ्यात. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या जनावराला माणसापेक्षा कमी दाबाचा धक्काही घातक ठरतो. तेथे पाणी न शिरणारी प्लॅस्टिकची बंद पेटीच हवी.
२) न्हाणीघर, मोरी आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत.
३) ज्या खोलीत दोनच तारांचे वायरिंग आहे तेथे.
४) लाकडी बोर्डावरील हायलम शीटच्या जागी. जुन्या बटणांचे स्क्रू आणि टोके शीटच्या अगदी जवळ असतात. तेथे पत्रा कापून लावणे म्हणजे धोका ओढवून घेणे होय.

झाकण बदलण्याची पद्धत

१) आपल्या सॉकेटच्या मापाचे, त्यासाठीच बनविलेले तयार झाकण आणावे. धारेवर कस असल्यास कानशीने घासावी. नाहीतर आतील तारेचे वेष्टण कापले जाते.

२) मेन स्विच बंद करावा. फ्यूज असल्यास काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून त्याची घरात जाणारी जोडणी तोडावी. मेन बंद असूनही इन्व्हर्टरवरून वीज येत राहते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. भाड्याच्या खोल्यांत एकाच बोर्डात दोन मीटरच्या तारा आल्या आहेत का, तेही पाहावे.

३) टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी तपासावा, मग बदलावयाच्या सॉकेटच्या प्रत्येक टोकाला लावावा आणि पुन्हा चालू ठिकाणी लावून तो नीट असल्याची खात्री करावी. तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नये.

४) जुने झाकण काढून आत पाहावे. तार काळवंडलेली, वेष्टण कडक झालेले किंवा टोक सैल असेल तर काम थांबवून वायरमनला बोलवावे.

५) झाकणासाठी किमान १.५ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची तार घ्यावी; १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची. एका टोकाला थिंबल दाबून ते झाकणाला वॉशर घालून स्क्रूने आवळावे. तेथील रंग किंवा पावडर कोटिंग खरवडून पत्रा उघडा करावा. रंगावरून वीज जात नाही. दुसरे टोक सॉकेटच्या अर्थ टोकाला जोडावे. भिंतीतील डबा लोखंडी असेल तर त्यालाही अर्थ जोडावा. नुसत्या स्क्रूवर भिस्त ठेवू नये.

६) तारा चिमटणार नाहीत, लांब स्क्रू तारेत घुसणार नाही, अशा रीतीने झाकण बसवावे.

७) वीज सुरू करण्यापूर्वी मल्टिमीटरने पाहावे. झाकण आणि सॉकेटचे वरचे मोठे भोक यांत जवळजवळ शून्य ओहम दिसावे. झाकण आणि फेज, तसेच झाकण आणि न्यूट्रल यांत जोड दिसू नये. मेन स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा आणि सर्व उपकरणांचे प्लग काढलेले असावेत.

८) वीज सुरू करून हात लावण्याआधी झाकणावर टेस्टर लावावा. तो पेटल्यास ताबडतोब मेन बंद करावा.

स्वतः काय करावे, काय करू नये

क्षमता व स्वरूप न बदलता स्विच, फ्यूज यांसारखी साधी बदली करण्यास नियमांत सूट आहे. परंतु नवी लाइन ओढणे, अर्थिंग करणे, आरसीसीबी बसविणे ही कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा वायरमनकडूनच करून घ्यावीत. अर्थिंगसाठी किमान ३८ मिलिमीटर आतील व्यासाचा, २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप वापरावा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे. खांबावरील किंवा मीटरच्या आधीच्या बिघाडासाठी महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

कोणाला शॉक लागल्यास त्याला हात लावू नये. प्रथम मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास मदत येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे.

आपल्या खोलीत राहणारा भाडेकरू रात्रपाळी करून येतो, मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी अंधारात बोर्ड चाचपतो. त्याचा हात ज्या झाकणावर पडणार आहे, ते आपण बसविलेले आहे. अर्थिंगची खात्री नसेल तर प्लॅस्टिकचेच नवे झाकण लावावे. ते तडकले तर पुन्हा बदलता येते.