चौथीच्या आधीच बोलूया

आईबाबांनो, एर्लांगेनमध्ये सीमेन्ससाठी नाहीतर विद्यापीठासाठी आलेल्या आपल्या घरांत मूल तिसरीत गेलं की एक आकडा कानावर पडू लागतो : 2.33. चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यासाची सरासरी तेवढी किंवा त्याहून चांगली आली की गिम्नाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा. मूल सावकाश शिकत असेल, तर या आकड्याची धास्ती रोज संध्याकाळी अभ्यासाला बसते. मग रडारड, वही फेकणं, शाळेत धक्काबुक्की. वाचता येत नाही हे वर्गाला कळण्यापेक्षा खोडकर म्हणवून घेणं त्याला सोपं वाटतं. म्हणून आधी वाचन कुठे अडतंय ते बघा, शिस्तीचं मग पाहू.

आपल्या बायर्न राज्याच्या नियमानुसार प्राथमिक शाळेचा गृहपाठ साधारण मुलाला तासाभरात जमायला हवा. तास झाला की वही मिटा आणि ‘आज एवढंच झालं’ असं शिक्षिकेला लिहून कळवा. रात्री नऊपर्यंत बसवून पुरा केलेला गृहपाठ तिला खोटं चित्र दाखवतो.

‘मराठी बंद करा, घरी जर्मनच बोला’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. रागावलेल्या, घाबरलेल्या मुलाला धीर देण्याइतकं जर्मन आपल्यापैकी किती जणांकडे आहे? शिवाय सूचना विसरणं, गोष्ट क्रमाने सांगता न येणं हे मराठीतही होतं का, हे मुलाची अडचण तपासणाऱ्यांना फक्त तुम्हीच सांगू शकता. दोन्हीकडे होत असेल तर अडचण नुसत्या जर्मनची नाही.

शाळेच्या मानसशास्त्रज्ञांची वेळ दुसरीतच मागा. वाचन-लेखनाचा दोष ठरला, तर लेखी अर्जावर परीक्षेत जादा वेळ मिळतो. शुद्धलेखनाचे गुण न धरण्याची सवलतही मिळू शकते. ती प्रगतिपुस्तकावर नोंदली जाते, आणि तिथेच आपले पालक मागे सरतात. सरू नका. गिम्नाझिउम हुकलं तरी मिटेलशुल या दुसऱ्या माध्यमिक शाळेच्या एम-वर्गातून दहावी, मग फाखओबरशुल ही दहावीनंतरची शाळा आणि तिथून उच्चशिक्षण, हा रस्ताही इथे रीतसर आहे.

पुण्या-नाशिकच्या आजीआजोबांनाही हे मोकळेपणी सांगा. व्हिडिओ कॉलवर मुलाला ‘वाचायला आलं का रे?’ असं विचारू नका, एवढी विनंती त्यांना करा.