सिक्वेन्स, सिक्वेन्सर आणि आपला कापडाचा धंदा

लग्नसराईत वाशीम, कारंजाच्या बाजारात गिऱ्हाईक 'सिक्वेन्सची साडी' मागते. त्याला हवे असते चमकत्या टिकल्यांचे काम. या टिकलीचे खरे इंग्रजी नाव 'सिक्विन'. मूळ अरबी 'सिक्का'. तेथून व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला व पुढे टिकलीला हे नाव मिळाले. 'सिक्वेन्स' म्हणजे मात्र क्रम, उर्दूत तरतीब. ठरलेल्या क्रमाने काम करवून घेणारे साधन म्हणजे सिक्वेन्सर.

आपल्या धंद्याला ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनविला. पुठ्ठे ज्या क्रमाने ओवले, तशी नक्षी उतरे. येवल्यातही जॅकार्डवर पैठणी विणली जाते.

विजेच्या यंत्रांतही हेच तत्त्व आहे. कारखान्यात एकामागून एक पट्टे असतील तर शेवटचा पट्टा आधी सुरू करावा लागतो, नाहीतर माल मध्येच तुंबतो. हा क्रम सिक्वेन्सर सांभाळतो. संगीतातील सिक्वेन्सर आवाज साठवीत नाही. कोणता सूर, केव्हा, किती वेळ, एवढेच लक्षात ठेवतो. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये जोडणारी 'मिडी' पद्धत 1983 मध्ये आली.

विज्ञानातील सिक्वेन्सर मात्र क्रम चालवीत नाही, वाचतो. डीएनएची चार अक्षरे कोणत्या क्रमाने आहेत, हे तो सांगतो. फ्रेडरिक सँगर यांनी 1977 मध्ये त्याची प्रसिद्ध पद्धत दिली. 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतात सापडलेल्या कोरोना विषाणूचा असाच क्रम वाचला.

आता कामाची गोष्ट. आज कशिद्याचे संगणकी यंत्र टिकल्याही लावते. टाके व रंग यांचा क्रम त्यात आधीच भरलेला असतो. एकदा आम्ही नमुना न पाहता ओढण्यांची ऑर्डर दिली. कारखान्यात रंगांचा क्रम चुकला. पाने लाल, फुले हिरवी आली. यंत्राने बिनचूक काम केले होते, चूक होती सांगण्यात. शिवाय आमच्या चिठ्ठीत रंगांचा क्रम लिहिलेलाच नव्हता, म्हणून भांडायलाही तोंड उरले नाही. तो माल आम्हाला पडत्या भावाने काढावा लागला.

तेव्हा व्यापारी बांधवांनी ऑर्डरमध्ये नुसते 'सिक्वेन्स' लिहू नये. टिकलीचा आकार, रंग व धाग्यांचा क्रम स्पष्ट लिहावा आणि एक नग मंजूर केल्यावरच बाकी माल चालू करण्यास सांगावे. यंत्र क्रम पाळते. तो बरोबर आहे की नाही, हे माणसानेच पाहायचे असते.